एकोणतिसावं कलम

थोरला सकाळी साडेआठला आला तो हेल्मेट घालूनच. कारखान्यातलं पिवळं हेल्मेट, पुढे निळ्या अक्षरांत ‘आधी सुरक्षा’. माईने दार उघडलं, हेल्मेटकडे पाहिलं, मग मान वर करून छताकडे पाहिलं.

“पडायचं असतं तर आधी माझ्यावर पडलं असतं. आत ये.”

“हा विनोदाचा विषय नाही, माई.”

“मी कुठे हसले?”

त्याच्या मागून मोठी सून आली. तिने चपला काढल्या, सासूकडे बघून भुवई किंचित उचलली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायला गेली. नवरा हेल्मेट घालून आईकडे निघाला की बायकोने काय बोलावं, ह्याचं काही ठरलेलं वाक्य नाही.

एकवीस दिवसांपूर्वी वरच्या बाथरूममधून जळका वास आला होता, खटकन सगळ्या घराची वीज गेली होती आणि समोरच्या शिंप्याने माईला न विचारता थोरल्याला फोन केला होता. थोरला अर्ध्या तासात हजर. त्याने गीझरचं बटण बंद केलं आणि खिशातून एक छापील चिठ्ठी काढून गीझरला चिकटवली: ‘वापरू नये’. खाली तारीख, खाली सही. असल्या चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या वरच्या खिशात कायम असे. इतर लोक तिथे पेन ठेवतात. मग खाली येऊन, ग्लासभर पाणी पिऊन त्याने जाहीर केलं की हे घर एकट्या बाईने राहण्याच्या लायकीचं उरलेलं नाही. ती बाई समोरच बसली होती. पण सुरक्षा अधिकाऱ्यांची रीत अशी, की धोक्यात असलेलं माणूस सोडून ते बाकी सगळ्यांशी बोलतात. त्याने फोनवर धाकट्या बहिणीशी बोलून घेतलं, तिने “हो रे दादा, बरोबर आहे तुझं” म्हटलं आणि माईच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लागला. थोरल्याच्या फ्लॅटमधली मागची खोली रिकामी करायची. माईने तिथे राहायचं. घराला कुलूप.

माईने भांडण केलं नाही. ती म्हणाली, “तपासणीचा रविवार जवळच आलाय. एक्केचाळीस कलमं आहेत. तीनपर्यंत दोष निघाले तर मी इथेच. चौथा निघाला की बॅग भरते. फक्त एक अट. ज्याच्या कलमात दोष निघेल त्याने आपल्या मागच्या सगळ्या सह्या मोठ्याने वाचून दाखवायच्या.”

थोरला लगेच हो म्हणाला. चार दोष त्याला झोपेतही काढता आले असते.

तपासणी आप्पांची, माईच्या नवऱ्याची. आप्पांनी छत्तीस वर्षं एका रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. वर्षातून एकदा निरीक्षक येई, बॉयलर थंड करून उघडला जाई, हातोडीने ठोकून ठोकून आवाज ऐकला जाई. त्याच्या पुढच्या रविवारी आप्पा घर उघडत. बॉयलरला जो न्याय तोच घराला. वही, टॉर्च, टेस्टर. पंखे, पन्हळी, टाकी, अर्थिंग, गॅसची नळी, फ्रिजच्या दाराचं रबर. प्रत्येक कलम एकेकाच्या नावावर, कायमचं. मुलांना लहानपणीच मिळालेलं, सुनेला आणि जावयाला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. आणि वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम, लाल शाईत, दोनदा अधोरेखित: ‘ज्याला दिसेल त्याने करावे.’

नियम चांगला होता. चांगल्या नियमांचं जे होतं तेच त्याचं झालं. पहिल्या वर्षी थोरल्याला, वय चौदा, टाकीच्या तळाशी गाळ दिसला आणि त्याचे पुढचे दोन रविवार टाकीत गेले. दुसऱ्या वर्षी धाकटीला पन्हळीत पानं दिसली; ती शिडीवर गेली. तिसऱ्या वर्षी कुणालाही काहीही दिसलं नाही. तेव्हापासून ह्या घरातली माणसं उघड्या डोळ्यांनी न बघण्यात तरबेज झाली. धाकटी मोठी होऊन दातांची डॉक्टर झाली. दिवसभर परक्यांच्या तोंडात केसाएवढी फट हुडकायची, पण माहेरी आली की भिंतीची हातभर भेग तिला दिसत नसे. वहीत ‘ठीक’ हा शब्द इतक्या वेळा लिहिला गेला होता की घरात बोलताना तो कुणी वापरत नसे. तब्येतीची चौकशी केली तर लोक ‘बरी आहे’ म्हणत. ‘ठीक आहे’ म्हटलं की ऐकणारा सावध होई.

आप्पा गेले त्याला चार वर्षं होत आली. तपासणी चालू राहिली, कारण ती बंद पडलीये असं कुणाला दिसलं असतं तर ती त्यालाच सुरू करावी लागली असती.

आता ह्या रविवारी माईकडे एक गोष्ट अशी होती जी बाकी कुणाकडे नव्हती. गुरुवारी तिने वायरमनला बोलावलं होतं. थोरल्याने “आपण रविवारी बघू, बाहेरचा माणूस नको” असं दोनदा बजावलं होतं. दुसऱ्यांदा बजावल्यामुळेच तिने बोलावलं. वायरमन स्टुलावर चढला, गीझरमागे टॉर्च मारला. तो सहसा ओठांत दोन स्क्रू धरून बोलत असे. त्या दिवशी त्याने ते काढून हातात घेतले.

“माई, ह्या व्हॉल्व्हला बूच कुणी मारलं?”

त्याने समजावून सांगितलं. पाणी तापलं की टाकीत दाब वाढतो. वाढला की हा लहानसा व्हॉल्व्ह थोडं पाणी बाहेर सोडतो. थेंब पडले की लोक म्हणतात गीझर बिघडला. खरं तर तो काम करत असतो. इथे त्याच्या तोंडात रबरी बूच ठोकून वरून लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा मसाला, भरली होती. “आत थर्मोस्टॅटही अडकलाय. म्हणजे तापत राहायचं आणि वाट बंद. नशीब, वायर आधी जळली आणि तुमचा ट्रिपर पडून वीज तुटली. तो नसता पडला तर हे बाथरूम गच्चीवरून बघायला लागलं असतं. ट्रिपर बघतं कोण?”

“मी. दर एक तारखेला बटण दाबून बघते. ते माझं कलम आहे.”

“हात लावू का आता?”

“नको. रविवारी माझी माणसं येणार आहेत. त्यांना दाखवायचंय.”

तो गेल्यावर ती बाथरूममध्येच पालथ्या बादलीवर बसली. बाथरूम उडणार होतं ह्याची भीती तिला नंतर वाटली. आधी वाटली ती वेगळीच. शेवटच्या वर्षात आप्पांचं डोकं कधी जागेवर असे, कधी नसे. ज्या माणसाने छत्तीस वर्षांत व्हॉल्व्हला बोट लावू दिलं नाही कुणाला, त्यानेच जर हे बूच मारलं असेल, तर मग ती चार वर्षं ज्या माणसाच्या आठवणीवर हे घर चालवत होती तो माणूस आधीच गेला होता म्हणायचा. वहीत एकोणतिसावं कलम, गीझर, थोरल्याच्या नावावर होतं. पण सही म्हणजे काय ते ह्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. तीन दिवस ती त्या एकाच प्रश्नावर झोपत आणि उठत होती.

नऊ वाजता धाकटी आणि जावई आले. जावयाला सगळे ड्रिल म्हणत. माई तेवढी जावईबापू म्हणे. त्याच्याकडे एक ड्रिल मशीन होतं, खोक्यात, बावीस टोकांसह, आणि ते घेतल्यापासून जगातली बहुतेक दुःखं योग्य जागी एक भोक पाडलं तर मिटतील अशी त्याची श्रद्धा होती. ते खोकं तो आजही घेऊन आला होता.

“हे कशाला?” धाकटीने दारातच विचारलं होतं म्हणे.

“असू दे. लागतं.”

“अकरा वर्षांत लागलं नाही.”

“म्हणून तर आता लागेल.”

चहा झाला. माईने वही उघडली, चष्मा लावला आणि टॉर्च हातात घेतला. “चला. कलम एक.”

पहिली दहा-बारा कलमं निमूट गेली. पंखे, अर्थिंगचा खड्डा, मीटरची पेटी. ट्रिपरच्या वेळी माईने स्वतः बटण दाबलं, खट् आवाज झाला, फ्रिज गप्प झाला आणि थोरला म्हणाला, “हं.” कारखान्यात त्याच्या हाताखालची माणसं हा ‘हं’ ऐकायला वर्षभर राबत. पंधराव्या कलमाला फ्रिज आला. हे जावयाचं. त्याने वहीचा एक कोरा कागद दारात धरला, दार लावलं आणि कागद ओढला. कागद लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला.

“गेलं रबर,” थोरला म्हणाला. “गार हवा बाहेर, विजेचा चुराडा. दोष एक.”

“कागद गुळगुळीत आहे,” जावई म्हणाला.

“सह्या वाचा, जावईबापू,” माई म्हणाली.

जावयाने घसा साफ केला. “ठीक. ठीक. ठीक. ठीक... इथे मी ‘उत्तम’ लिहिलंय.”

“कधी?”

“लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी.”

मोठी सून हसली आणि हसू कपात लपवायला तिने रिकामा कप तोंडाला लावला.

बावीसला गॅसची नळी. धाकटीचं कलम. तिने खाली वाकून टॉर्चच्या उजेडात नळीवर छापलेली मुदत वाचली, पुन्हा वाचली आणि सरळ उभी राहिली.

“काय?”

“संपलीये.”

“कधी?”

“चौदा महिने झाले.” मग जरा थांबून म्हणाली, “पण दिसायला चांगली आहे गं.”

“तू रोग्यांना असंच सांगतेस?”

“रोग्यांना मी दिसायला चांगलं आहे असं कधीच सांगत नाही. तिथे पैसे—” तिने जीभ चावली. “दोष दोन. लिही.” आणि न सांगताच तिने सह्या वाचल्या, भराभरा, दुसऱ्याचा निकाल वाचावा तशा. वाचून झाल्यावर तिने थोरल्याकडे पाहिलं नाही. सकाळी दारात ती भावाच्या बाजूची होती. आता ती नेमकी कुणाच्या बाजूची आहे हे तिलाही सांगता आलं नसतं.

थोरल्याचा मात्र आवाज चढला होता. “बघितलंस ना, माई? बावीस कलमांत दोन. अजून वरचा मजला आहे. मी काय वेगळं सांगत होतो? तुझ्यावर कुणाचा राग नाही. पण घर थकलंय. तूही—”

“मी काय?”

“तूही आराम कर आता.”

“आराम मी दुपारी दोन ते तीन करते. वर चल.”

माई जिना नेहमीसारखीच भिंतीच्या कडेने चढली, तळवा भिंतीला लावून. मागे बाकीचे. भिंतीवर तिच्या तळव्याच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. तो कुणाला दिसला नाही.

बाथरूमपाशी थोरला अचानक घाईत आला. “एकोणतीस आपल्याला माहीतच आहे. बंद आहे, चिठ्ठी लावलीये. दोष तीन धरा. चला, तीस.”

“उघड,” माई म्हणाली.

“कशाला? मान्य केला ना दोष.”

“मान्य करायचं नाही, बघायचं. स्टूल घे.”

“माई, वीज आहे ती. जाणकार माणसाने—”

“तू जाणकार नाहीस? डोक्यावर लिहिलंय तुझ्या.”

तो स्टुलावर चढला. माईने टॉर्च धरला, नेमका गीझरच्या मागे, नेमका त्या पितळी व्हॉल्व्हवर. धाकटीने मान तिरपी करून पाहिलं. दातांच्या मागची बाजू बघायची तिला सवयच होती.

“त्या तोंडात काय भरलंय ते? फिलिंग?”

माईने वायरमनने सांगितलेलं सगळं सांगितलं, एकही शब्द न वाढवता. दाब. वाट. बूच. अडकलेला थर्मोस्टॅट. आधी जळलेली वायर. जावयाने नकळत दाराकडे एक पाऊल मागे घेतलं.

“हे कुणी केलं?” माईने विचारलं.

थोरला गीझरकडे तोंड करूनच उभा होता. “आप्पांनी केलं असेल,” तो म्हणाला. “शेवटी शेवटी त्यांना कुठे काय कळत होतं.”

माईच्या आतमध्ये काहीतरी अलगद बसलं, गाळ तळाला बसतो तसं. तिने तीन दिवस हे वाक्य स्वतःशीच पन्नासदा बोलून पाहिलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते खोटं आहे हे तिला तत्काळ कळलं, पण कळणं म्हणजे पुरावा नव्हे.

“ती लांबी आपल्या फ्लॅटमधली आहे.”

हे मोठ्या सुनेने म्हटलं. दारात उभी राहून, अगदी साध्या आवाजात, मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तसं.

“तू मध्ये नको बोलूस,” थोरला म्हणाला.

“करडी आणि हिरवी, दोन गोळे एकत्र मळायचे. माशांच्या टाकीची काच गळत होती म्हणून मी आणली होती. दुसऱ्या दिवशी टाकीसाठी शोधली तर उरली नव्हती. तुम्ही म्हणालात, कारखान्यात लागली.” तिने गीझरकडे बोट केलं. “हिरवट आहे, बघा. मासे त्या आठवड्यात मेले. मला तारीखसुद्धा लक्षात आहे.”

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांत तिने ह्या घरात नवऱ्याविरुद्ध उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि त्याची सुरुवात तिने माशांपासून केली होती.

थोरला स्टुलावरून उतरला. त्याच स्टुलावर बसला. हेल्मेट डोक्यावरच होतं.

“थेंब पडत होते,” तो म्हणाला. “त्या वर्षीच्या तपासणीला. मला दिसले. माझ्या कारखान्यात त्या महिन्यात ऑडिट, इकडे आप्पांचं दवाखान्यात नेणं-आणणं, मी चार तास झोपत होतो. खाली खाटेवर आप्पा वाट बघत होते. दर कलमाला वर ओरडून विचारत होते. एकोणतीस? मी जर म्हटलं असतं ठीक नाही, तर ते उठले असते. खरंच उठले असते. जिना चढायला लागले असते. म्हणून मी म्हटलं, ठीक.” त्याने हात चोळले. “पण थेंब चालूच होते. त्यांना ऐकू जाईल म्हणून... दुसऱ्या दिवशी येऊन बूच मारलं. म्हटलं, आठवडाभरात माणूस आणून नीट करून घेऊ. मग आप्पा गेले. मग राहिलं. मग दर वर्षी ठीक लिहायचं तर ते बूच बघायला लागू नये म्हणून मी इकडे चढलोच नाही.”

“बॉयलरवाल्याच्या पोरा,” माई हळू म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

“आणि आता बापावर ढकलत होतास.”

“हो.”

धाकटी काहीतरी बोलायला गेली. माईने हात वर केला. “त्याला ऐकू जायचे थेंब. खाटेवरून. रोज मोजायचा. मिनिटाला इतके, म्हणजे दाब इतका. मग एक दिवस मला म्हणाला, थेंब का थांबले गं? वर जाऊन बघ.” तिने चष्मा काढून पदराला पुसला. “मी नाही गेले. मी म्हटलं, पोराने दुरुस्त केलं असेल. तो म्हणाला, व्हॉल्व्ह दुरुस्त झाला तर थेंब थांबत नाहीत. मी म्हटलं, झोपा आता.”

बाथरूममध्ये पाच माणसं होती आणि एकालाही दुसऱ्याकडे बघायचं नव्हतं. पण जागा इतकी लहान होती की दुसरीकडे बघायला काही नव्हतं.

“त्याला कळत होतं,” माई म्हणाली. “आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. एवढंच मला हवं होतं. आता सह्या वाच.”

थोरल्याने वही घेतली आणि वाचल्या. चार वर्षांपूर्वीचा ‘ठीक’ त्याच्याच्याने नीट वाचवला नाही. मग माईने त्याला पक्कड दिली. मोठ्या सुनेने मेन बंद केला, पाण्याचा कॉक जावयाने. थोरल्याने लांबी फोडली, बूच धरलं आणि पिळून उपसलं. आधी पिचकारीसारखं लालसर पाणी आलं, त्याच्या शर्टावर, चिठ्ठ्यांच्या खिशावर. मग ते थांबलं, आणि जरा वेळाने खालच्या बादलीत एक थेंब पडला. मग आणखी एक.

“मोज,” माई म्हणाली, आणि पुढच्या कलमाकडे निघाली.

उरलेली कलमं भराभर झाली. टाकीचं झाकण घट्ट, पन्हळी मोकळ्या, गच्चीच्या दाराची कडी नीट. ह्या वेळी सगळे खरोखर बघत होते, आणि खरोखर बघितल्यावर बऱ्याच गोष्टी खरोखरच ठीक निघाल्या. ह्याचं सगळ्यांना थोडं आश्चर्य वाटलं. गच्चीवरून खाली येताना धाकटीने बोटांवर हिशेब केला. “तीन. दादा, तीनच झाले. माई इथेच.”

“तीनच,” थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं. उलट थोडी सुटकाच होती.

माई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबली. ती जिंकली होती. फक्त एक पायरी, दुसरी पायरी, खाली पाय ठेवायचा, वही मिटायची, पुन्हा चहा टाकायचा. तिने भिंतीवरचा तळवा काढला, दुसऱ्या बाजूला वळली आणि जिन्याच्या लोखंडी कठड्याला धरून जोरात हलवलं. कठडा मुळापासून खडखडला. खालच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू पायथ्याच्या बुटक्या भिंतीतून बोटभर बाहेर आले होते.

“कलम छत्तीस,” ती म्हणाली. “जिन्याचा कठडा. माझं कलम आहे. मगाशी मी वाचलंच नाही, पस्तीसवरून सदतीसवर गेले. कुणाच्या लक्षात नाही आलं.” तिने वही उघडली. “ठीक. ठीक. दोन वर्षं मला माहीत आहे.”

“सांगितलं का नाहीस?” धाकटीने विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, माई जिन्यावरून पडेल.”

“पडली होतीस?”

“बसले होते. जरा जोरात.”

धाकटी पायरीवर मटकन बसली. थोरला खाली उभा राहून वर बघत होता. सगळ्यांना हिशेब येत होता आणि कुणालाही तो मोठ्याने करायचा नव्हता. शेवटी तोच म्हणाला, अगदी पडलेल्या आवाजात, “माई, हा चौथा.”

“हो.”

“ठरलं होतं आपलं.”

“ठरलं होतं. मी हरले.” माई खाली आली, आपल्या खुर्चीत बसली आणि पाय लांब केले. “पण जाणार नाही.”

“असं कसं?”

“असंच. तुझ्या वडिलांचा बॉयलर दोनदा तपासणीत नापास झाला होता. निरीक्षकाने लाल शेरा मारला, तीन आठवडे कारखाना बंद. तेव्हा कुणी असं म्हटलं नाही, की आता बॉयलरने मुलाकडे जाऊन राहावं. नळ्या बदलल्या, पुन्हा तापवला. घर नापास झालं तर घर दुरुस्त करायचं. म्हातारी नापास झाली तर कठडा दुरुस्त करायचा. मी कुलूप लावायची वस्तू नाही.”

“आणि परत काही झालं तर?”

“होईलच. घर आहे. पण मग मी सांगेन.” तिने वहीचं पहिलं पान उघडलं आणि लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. “हा नियम आजपासून बंद. त्याचा होता, त्याच्यासाठी बरा होता. त्याला दिसायचं आणि तो करायचा. आपण सगळे दिसेल म्हणून घाबरलो. आता ज्याला दिसेल त्याने फक्त बोलायचं. करायचं सगळ्यांनी मिळून, किंवा माणूस बोलावून. जो बोलेल त्याला कामाला लावायचं नाही. आणि मी बोलले की मला न्यायची भाषा करायची नाही. नाहीतर मी परत भिंतीच्या कडेने चढायला लागेन, आणि वहीत ठीक लिहीन. तुम्हाला कळणारही नाही.”

कारखान्यात थोरल्याने ह्याच विषयावर कितीतरी भाषणं दिली होती, चित्रं दाखवून.

“मग आपल्याकडचंही बोलू का?” मोठ्या सुनेने विचारलं. “आपल्या गॅसच्या नळीवर जी मुदत आहे ना, ती इथल्या नळीच्याही आधी संपलीये. मागच्या खोलीतल्या प्लगमधून ठिणग्या येतात. माईंना द्यायची होती ती खोली.”

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. “कधीपासून?”

“तुम्ही ‘मी बघतो’ म्हणालात तेव्हापासून.”

“पुढच्या रविवारी तुझ्याकडे,” माई म्हणाली. “वही मी घेऊन येते. टॉर्च तुझ्याकडे असेलच.”

तेवढ्यात जिन्यातून कानठळ्या बसवणारा आवाज आला. जावयाने मेन चालू करून खोकं उघडलं होतं. धाकटी ओरडली, “अहो, आधी बघा तरी आत वायर आहे का!” आवाज थांबला. “बोललीस ते बरं केलंस,” आतून उत्तर आलं, “इथूनच गेलीये.” त्याने चार बोटं बाजूला भोक पाडलं. अकरा वर्षांत त्या मशीनने पाडलेलं, कुठेतरी गरज असलेलं ते पहिलंच भोक.

माईने थोरल्याकडे हात पुढे केला. “एक चिठ्ठी दे.”

“कसली?”

“ती तुझी. आणि पेन.”

त्याने खिशातून गठ्ठा काढला. वरच्या चार-पाच चिठ्ठ्या लाल पाण्याने भिजल्या होत्या; त्याने खालची कोरडी काढून दिली. माईने ‘वापरू’ हा शब्द शांतपणे खोडला, वर ‘हलवू’ असं लिहिलं, तारीख घातली आणि चिठ्ठी आपल्या खुर्चीच्या पाठीला, सगळ्यांना दिसेल अशी, तळव्याने दाबून चिकटवली.

“सही कर,” ती म्हणाली. “अधिकाऱ्याची लागते.”

थोरल्याने ती वाचली. पुन्हा वाचली. वरच्या बाथरूममधून, बादलीत, थेंब पडल्याचा आवाज आला. त्याने हेल्मेट काढलं, माईच्या पायाशी जमिनीवर ठेवलं आणि गुडघ्यावर बसून सही केली.